मास्टर कुठाय?

बार्शीत माझं कॅसेटचं दुकान होतं, १९८३ ते २००६. विकायच्या तयार कॅसेटी असायच्याच, पण दुकान खरं चालायचं ते कीर्तनांवर. आसपासच्या कुठल्या गावात हरिनाम सप्ताह बसला की दोन माइक, एक डेक आणि ब्लँक कॅसेटींचा खोका घेऊन मी एसटीनं निघायचो. रात्री कीर्तन भरायचं, सकाळी दुकानात येऊन प्रती काढायच्या आणि काल्याच्या दिवशी मांडवाबाहेर सतरंजी टाकून विकायच्या. मूळ कॅसेटीला आम्ही मास्टर म्हणायचो. मास्टर कोणाला द्यायची नाही, कितीही जवळचा माणूस असो. तिच्या पाठीवरच्या प्लॅस्टिकच्या दोन्ही टिकल्या मोडून ठेवायच्या, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरं काही भरलं जात नाही.

दुकान बंद केलं तेव्हा सामान विकलं, मास्टर विकल्या नाहीत. ३१२ कॅसेटी लोखंडी कपाटात होत्या. दोन वर्षांपूर्वी कपाट उघडलं तर वासच आला. काहींच्या पट्टीवर पांढरी बुरशी धरली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यातले निम्मे कीर्तनकार आज नाहीत आणि त्यांचा आवाज माझ्या कपाटाशिवाय दुसरीकडे असेल असं मला वाटत नाही.

सूनबाई म्हणाली, "बाबा, हे सगळं कॉम्प्युटरवर घ्या." मुलगा पुण्याला, त्याला वेळ नाही, आणि कुठल्या कॅसेटीत काय आहे ते माझ्याशिवाय कोणाला कळणार नव्हतं. म्हणून वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एमएस-सीआयटीला नाव घातलं. बॅचमध्ये बाकी सगळी बारावी झालेली पोरं-पोरी. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या मला काका म्हणायच्या, मी त्यांना मॅडमच म्हणायचो. शिकवणारा माणूस वयानं लहान असला तरी गुरूच.

पहिले पंधरा दिवस माउस, कीबोर्ड, फोल्डर यात गेले. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डबल क्लिकला बोट अडखळायचं, पुढे सवय झाली.

मग एके दिवशी मॅडमनी एक बंद पडलेली हार्ड डिस्क आणली आणि स्क्रू काढून झाकण उघडलं. आत आरशासारखी चकचकीत तबकडी, आणि तिच्यावर ग्रामोफोनच्या हातासारखा एक बारीक हात. "काका, या टोकाला हेड म्हणतात," मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, हेड मला माहीत आहे. तेवीस वर्षं मी रोज सकाळी हेड पुसलेलं आहे, काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून. कापसावर तपकिरी डाग उतरायचा. ती तपकिरी पूड म्हणजे लोहाचं ऑक्साइड, गंजाचाच प्रकार. कॅसेटीच्या पट्टीवर त्याचाच थर असतो आणि त्या थरातच आवाज असतो.

वर्ग शांत झाला. मॅडम म्हणाल्या, "मग काका, आज तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. हेड म्हणजे एक छोटा विद्युतचुंबक, त्याला केसाहून बारीक फट. माइकमधून आलेला आवाज विजेच्या रूपात हेडमध्ये जातो, विजेच्या चढउताराप्रमाणे फटीतलं चुंबकत्व कमीजास्त होतं आणि समोरून सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या गतीनं सरकणाऱ्या पट्टीवर तसाच ठसा उमटत जातो. ऐकताना त्याच्या उलट. साठ मिनिटांच्या कॅसेटीत जवळपास नव्वद मीटर पट्टी असते. आणि पट्टी एकावर एक गुंडाळलेली असल्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहिली तर एका वेढ्याचा ठसा शेजारच्या वेढ्यावर उतरतो. शांततेनंतर कीर्तनकार बोलायला सुरुवात करतो ना, त्याच्या दोन-तीन सेकंद आधी त्याच शब्दांची पुसट सावली ऐकू येते. पोरांना हे खोटं वाटलं. दुसऱ्या दिवशी डेक नेऊन ऐकवलं.

पुढचं मॅडमनी सांगितलं, आणि तिथे माझं शिकणं खरं सुरू झालं. तबकडीवरही चुंबकच असतो, पण तो कमी की जास्त हे कोणी मोजत नाही. बारीक बारीक ठिपक्यांमध्ये चुंबकाची दिशा उलटली की नाही, एवढंच हेड बघतं. त्यातून एक किंवा शून्य. बस्स. तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२०, आणि हेड तिला टेकत नाही, हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगतं. आमच्या पट्टीला हेड घासत जायचं म्हणून ती झिजायची.

मॅडमनी नोटपॅडमध्ये ‘विठ्ठल’ एवढाच शब्द लिहून फाइल सेव्ह करायला लावली आणि तिचा आकार बघायला सांगितला. १८ बाइट. इंग्रजी अक्षरांत लिहिला तर सात. कारण युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि कॉम्प्युटर विठ्ठलची सहा चिन्हं मोजतो: व, वेलांटी, ठ, पाय मोडायची खूण, पुन्हा ठ, ल. एका बाइटमध्ये आठ शून्य-एक, म्हणजे विठ्ठल लिहायला १४४ शून्य-एक. वहीत मी हा हिशोब दोनदा करून पाहिला. आयुष्यभर ज्याचं नाव कॅसेटीत भरलं ते असं मोजता येईल असं कधी वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एक जुनी गोष्ट लख्ख आठवली. १९८६ च्या सुमारास एक हायस्कूलचे सर माझ्याकडे कॅसेट घेऊन आले होते, प्रत काढून द्या म्हणून. लावली तर नुसती किंचाळी, चर्रर्र आणि शिट्टी. मी म्हटलं, सर, कॅसेट खराब झालीय. ते काहीतरी सांगायला लागले, दुकानात गर्दी होती, मी ऐकून घेतलं नाही. आता कळलं की त्या काळी घरच्या आणि शाळेच्या छोट्या संगणकांचे प्रोग्राम साध्या कॅसेटीवरच साठवायचे. केंद्र सरकारनं १९८४ पासून क्लास नावाच्या प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले, त्यालाही कॅसेट प्लेअर जोडता यायचा. सरांच्या कॅसेटीत प्रोग्राम असणार. ती किंचाळी म्हणजे शून्य-एकच होते. ते सर आता नाहीत. मला त्यांची ती प्रत काढून द्यायला हवी होती.

अभ्यास म्हणून मॅडमनी एक प्रश्न दिला: चुंबकावर आवाज पहिल्यांदा कोणी साठवला? इंटरनेटवर शोधा, तीन ठिकाणी बघा आणि कशावर विश्वास ठेवला ते लिहा. मला पहिल्याच पानावर एडिसनचं नाव मिळालं. बॅचमधल्या बऱ्याच जणांनी तेच लिहिलं. मला मात्र ते पटेना. एडिसनचा १८७७ चा फोनोग्राफ सुईनं कथिलाच्या पातळ वर्खावर खाचा पाडायचा. खाच म्हणजे चुंबक नव्हे. तबकडीच्या रेकॉर्डी विकणाऱ्याला एवढं कळतंच. दुसऱ्या एका पानावर डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पॉल्सन या माणसाचं नाव होतं. त्यानं १८९८ साली पोलादी तारेवर आवाज साठवला. पानाच्या तळाशी त्याच्या पेटंटचा क्रमांक दिला होता, अमेरिकी पेटंट ६६१६१९, सन १९००. मॅडमनी ते पेटंटच काढून दाखवलं. जुन्या टायपात छापलेलं, सोबत तार गुंडाळलेल्या रुळाची आकृती.

मी मॅडमना म्हटलं, ही मास्टर आहे. बाकीची पानं प्रती आहेत.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं: मास्टर कुठाय? पुढचे चार-पाच दिवस वर्गात हाच प्रश्न चालला. व्हॉट्सॲपवर काहीही आलं की पोरं एकमेकांना विचारायची, मास्टर कुठाय?

मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, ती इथेच सांगतो. कॅसेटीची प्रत काढली की आवाज थोडा बसतो आणि सरसर थोडी वाढते. प्रतीची प्रत काढली की आणखी. माझ्या कानाला सांगता यायचं की ही मास्टरवरून काढलेली आहे, की तिसऱ्या हातची, की पाचव्या. म्हणजे मूळापासून आपण किती लांब आलो ते प्रत स्वतःच सांगायची. फाइलीचं तसं नाही. शून्याचं शून्यच उतरतं, एकाचा एकच. हजारावी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ. माझ्या कीर्तनांसाठी हे वरदान आहे. पण खोट्या निरोपाची हजारावी प्रतही तितकीच स्वच्छ असते. तिच्यावर सरसर नसते. कानाला, डोळ्याला काहीच कळत नाही. म्हणून मूळ कुठे आहे ते आता आपण होऊन शोधावं लागतं. पूर्वी प्रतच बोलायची.

हे पटल्यावर आधी मी माझ्याच फोनकडे बघितलं. भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक अभंग फिरत होता, शेवटी ‘तुका म्हणे’. मीही तो दोन वेळा पुढे पाठवला होता. नीट वाचला तर त्यात ‘ताणतणाव’ हा शब्द. घरात गाथा आहे, साडेचार हजारांवर अभंगांची. मागची अकारविल्हे सूची पाहिली, पहिल्या चरणानं शोधलं. नाही. मॅडमच्या सांगण्यावरून इंटरनेटवर असलेल्या गाथेत तो एक शब्द शोधला. तिथेही नाही. ‘तुका म्हणे’ ही चार अक्षरं कोणीही कशाच्याही शेवटी जोडू शकतो, आणि ती जोडली की आपल्यासारखा माणूस हात जोडतो, तपासत नाही. मी ग्रुपवर लिहिलं की हा अभंग गाथेत मिळत नाही, मी चुकून पाठवला होता. दोघांनी नाराजी दाखवली. दाखवू देत. तुकोबांच्या नावावर दुसऱ्याचं घालणं मला चालणार नाही.

दुसरा प्रसंग जास्त काळजीचा. आमचे मृदंगमणी, वय सत्तरच्या पुढे, माझ्या कितीतरी रेकॉर्डिंगांत त्यांचा पखवाज आहे. त्यांचा सकाळी फोन आला. "रामकृष्ण हरी माउली. कलावंतांच्या मानधनाचा नवा जीआर आलाय, लिंकवर फॉर्म भरायचाय, नातू म्हणतो दोनशे रुपये फी आहे." मी म्हटलं, मृदंगमणी, तासभर थांबा, काही भरू नका.

वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची सरकारची योजना खरी आहे, म्हणूनच अशी गोष्ट पटते. त्यांनी पाठवलेला कागद मी मॅडमसमोर उघडला. राजमुद्रा होती, मंत्रालयाचा पत्ता होता, खाली सही होती. मॅडम म्हणाल्या, "काका, सही बघू नका. शेवटचा परिच्छेद बघा." शासन निर्णयाच्या शेवटी लिहिलेलं असतं की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो १८ आकडी असतो आणि पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असे असतात. आमच्या कागदावर संकेतांक होता, पण त्यातला महिना निघत होता १७. मला वाटलं आपलंच मोजण्यात चुकतंय. बोट ठेवून पुन्हा मोजलं. सतराच. तरी मॅडमनी शासनाच्या संकेतस्थळावर जाऊन तो क्रमांक टाकायला लावला. काहीही आलं नाही.

मग लिंक. मॅडमनी ती दाबली नाही, कागदावर उतरवून घेतली. "पत्ता वाचताना आडनाव बघायचं काका, आणि वेबसाइटचं आडनाव शेवटी असतं, सुरुवातीच्या दोन जोड रेघा सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी." सरकारचं आडनाव जीओव्ही डॉट इन. या लिंकमध्ये महाराष्ट्र होतं, जीओव्ही होतं, मध्ये आडव्या रेघा होत्या, पण आडनावाच्या जागी भलताच शब्द. मी विचारलं, पण उघडल्यावर पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र असलं तर? मॅडम म्हणाल्या की कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्यात आणि त्या वेबसाइटमध्ये जे बोलणं चाललंय ते मधल्या कोणाला वाचता येत नाही. समोर कोण बसलंय हे कुलूप सांगत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कुलूप दिसलं की सुरक्षित, असं मी चार जणांना सांगत होतो.

मृदंगमणींना फोन केला. दोनशे रुपये वाचले याचं नाही, पण त्या फॉर्ममध्ये पुढे बँकेचा खातेक्रमांक आणि ओटीपी मागितला होता, ते वाचलं. पैसे गेलेच असते तर काय करायचं तेही मॅडमनी सगळ्या वर्गाकडून लिहून घेतलं: ताबडतोब १९३० ला फोन. माझ्या घरात तो आकडा आता कॅलेंडरवर लिहिलेला आहे.

या सगळ्या काळात घरी कॅसेटी उतरवणं चालूच होतं. डेकमधून वायर लॅपटॉपला, ऑडॅसिटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर, आणि मी. पूर्ण गुणवत्तेनं उतरवलं तर मिनिटाला दहा एमबी लागतात, एका कॅसेटीला सहाशेच्या वर. जुन्या फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. एका कीर्तनाला चारशेहून जास्त फ्लॉप्या लागल्या असत्या. १९५६ च्या आयबीएमच्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन-दोन फुटांच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनभर, आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. आज माझ्या खिशात बसणाऱ्या डिस्कवर सगळ्या ३१२ कॅसेटी मावतात.

आणि तरी मी एक कीर्तन घालवलं. ते लिहिताना आजही हात जड होतो. १९८७ चं, एका वृद्ध महाराजांचं. पट्टी इतकी खराब होती की एकदा वाजवताना हेडवर तपकिरी पूड साचली. उतरवलं, पेन ड्राइव्हवर ठेवलं, लॅपटॉपमध्ये जागा नको अडायला म्हणून तिथून पुसलं, आणि पेन ड्राइव्ह तशीच ओढून काढली. दुसऱ्या दिवशी ती उघडेना. मॅडमनी प्रयत्न केले, दुकानदारानं केले. नाही निघालं. कॅसेट परत लावली तर महाराजांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा. थराची पूड आदल्या वेळीच उडून गेली होती. कॅसेट हळूहळू मरते, शेवटपर्यंत काहीतरी देत राहते. फाइल जाते तेव्हा एका क्षणात जाते. तेव्हापासून प्रत्येक कीर्तनाच्या तीन प्रती: एक लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक मुलाकडे पुण्यात. तिन्ही वाजवून बघितल्याशिवाय कॅसेट कपाटात परत जात नाही.

गेल्या चैत्रात ग्रुपवर एक ध्वनिफीत आली. खाली एका फार मोठ्या कीर्तनकारांचं नाव, ‘आळंदी, १९७२, दुर्मिळ’. पाच हजार लोकांनी ऐकलेली. मी ऐकायला लागलो आणि चौथ्या मिनिटाला माझ्या अंगावर काटा आला. निरूपण चालू असताना लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू येते. ती शिट्टी आळंदीची नाही. ती बार्शी लाइटची आहे, आमच्या अडीच फुटी गेजच्या गाडीची, जी १८९७ पासून आमच्या गावाला होती आणि रूळ रुंद झाल्यावर गेली. ती शिट्टी मी जन्मापासून ऐकत आलोय.

तरीही कान हा पुरावा नव्हे, हे आता मी शिकलो होतो. कपाट उघडलं. सप्ताहांची वही काढली. कुठल्या गावी, कोणाचं, कोणत्या तिथीला, टाळकरी कोण, सगळं त्यात लिहिलेलं आहे. दीड दिवस लागला. कॅसेट क्रमांक १४१, १९९१, बार्शीच्या स्टेशनाजवळच्या मांडवात भरलेली. कीर्तनकार वेगळेच, आमच्याच भागातले एक बाबा, फार नाव नसलेले. ए बाजू लावली आणि फोनवरची फीत शेजारी धरली. शिट्टी त्याच शब्दावर. एका म्हाताऱ्याचा खोकला त्याच जागी. फोनवरच्या फितीत सरसर भरपूर होती, म्हणजे कोणीतरी माझ्या कॅसेटीच्या प्रतीच्या प्रतीवरून उतरवली होती, आणि उतरवताना कुठेतरी नाव आणि गाव बदललं होतं.

मी ग्रुपवर दोन्ही ठेवलं: माझ्या मास्टरमधला तो तुकडा आणि वहीच्या पानाचा फोटो. भांडलो नाही. एवढंच लिहिलं की हे बाबांचं कीर्तन आहे, त्यांच्या नावानं ऐका.

तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाबांचा नातू. आजोबांचा आवाज त्यानं कधी ऐकलेला नव्हता; घरात एक फोटो आहे तेवढाच. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग विचारलं, "काका, बी बाजूही आहे का?"

आहे. बी बाजूची पट्टी एका जागी चिरलेली होती, ती काल चिकटवली. आज रात्री, रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या की, लावणार आहे.